गावात एकच वारेसे

आमच्या शहराचं नाव वारेसे, आणि सबंध शहरात वारेसे आडनावाचा माणूस एकच होता. बाहेरच्यांना ह्याचं नवल वाटतं, आम्हाला नाही. गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सोडल्यावर. मिलानला जाऊन राहिलेल्याला तिथले शेजारी म्हणणार, तो वारेसेवाला. इथे राहणाऱ्याला कोण कशाला म्हणेल? इथे सगळेच वारेसेचे. तेव्हा इथेच राहून एखाद्याचं आडनाव वारेसे असलं, तर त्याचा अर्थ शाळेतलं पोरगंही सांगायचं. ह्याला तान्हेपणी कुणीतरी इथे टाकला, इथून कोमोच्या अनाथालयात पोचवला, आणि तिथल्या कारकुनाने "कुठून आलंय हे?" विचारून जे उत्तर मिळालं तेच आडनावाच्या रकान्यात लिहून टाकलं. बापाचं नाव अज्ञात, आईचं नाव अज्ञात.

त्याचं नाव अमिल्कारे. त्याच्याशी मी जे वागले ते मी पाद्रीपुढे गुडघे टेकूनसुद्धा कधी बोलले नाही. आता तो पाद्री मेला, ब्रोज्जी मेला, मीच तेवढी चिवट उरलेय. म्हणून सांगून टाकते. मधेच "जाऊ द्या हो आजी" वगैरे म्हणू नका, मला चीड येते.

मी नीवेस. शहरातल्या ब्यूमो भागात बुटांच्या कारखान्याच्या फाटकासमोर माझ्या मावशीचा कॅफे होता. माझा बाप गवंडीकामाला फ्रान्सात गेलेला, मी जन्मले तिकडे, आणि आई-बाप गेल्यावर चौदाव्या वर्षी मावशीच्या पदरात पडले. बारा वर्षं त्या कॅफेत कॉफी ओतली तरी मी सगळ्यांना "फ्रेंचीण". "ए फ्रेंचीण, दोन कॉफी!" इथल्या बोलीत एक शब्द बोलले की चौघे तोच शब्द माझ्या हेलात म्हणून दाखवायचे. त्यात पुढे ब्रोज्जी. हा समोरचा न्हावी, गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, आणि ज्याच्या मानेवर वस्तरा फिरवायचा त्याचीच टिंगल करायचा. त्याच्या खुर्चीत बसलेल्याला मान हलवायची सोय नसायची.

अमिल्कारे मला कधी हसला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी कुठल्या लायकीची ते तुम्हाला नीट कळेल.

कारखान्यात तो नमुन्याचे बूट करायचा. कागदावर आखलेलं पाऊल बघून लाकडाचा फर्मा कोरायचा, कातडं कापायचा, शिवायचा, सगळं एकट्याने. बँडमध्ये बोंबार्दिनो वाजवायचा, ते पोटाशी धरायचं पितळी धूड. तिशीत असताना त्याचं एक लग्न जमत आलं होतं. मुलीच्या बापाने त्याचे कागद मागवले, दोनदा 'अज्ञात' वाचलं, आणि कागद परत पाठवले. त्यानंतर त्याने कुणाला कागद दाखवले नाहीत.

चोपन्न सालचा डिसेंबर. मावशी प्रार्थनेला गेली की मी रेडिओ पॅरिसवर लावायची. त्या संध्याकाळी कारखाना सुटलेला, टेबलं भरलेली, आणि रेडिओतून काय यावं? ढोल, पत्र्यांचा खणखणाट, मधेच कशाची तरी घरघर, आणि त्यावर माणसांच्या शिट्ट्या आणि आरडाओरडा. तिकडचे प्रेक्षक चवताळले होते.

"अगं बंद कर ते!" ब्रोज्जी ओरडला. "आत्ता कुठे कारखान्यातून सुटलो आम्ही!"

तेवढ्यात निवेदकाने नाव घेतलं. आडनाव आमच्या गावाचं. फ्रेंच लोक शेवटच्या 'स'चा 'झ' करतात, एवढाच फरक.

"वारेसे म्हणाला का गं तो?" कुणीतरी विचारलं.

"संगीतकाराचं नाव आहे," मी म्हटलं. "वारेझ. अमेरिकेत असतो."

झालं. ब्रोज्जीला आणखी काय पाहिजे! "अरे अमिल्कारे, ऊठ, तुझा चुलता सापडला! तरीच म्हटलं तुझा बोंबार्दिनो गाभण गाईसारखा का हंबरतो. घराणंच तसं आहे की रे!"

सगळा कॅफे खिदळला. अमिल्कारे मात्र रेडिओजवळ येऊन उभा राहिला. टोपी हातात. "ती घरघर आमच्या बुटांचे तळ दाबायच्या यंत्राची आहे," तो म्हणाला. "ह्या माणसाने ती ऐकलीय. जवळ उभं राहून ऐकलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी नसताना, तो एक कोरा कागद घेऊन आला.

"नीवेस, पत्र लिहून देशील का? फ्रेंचमध्ये."

"कुणाला?"

"त्यांना. पॅरिसच्या रेडिओच्या पत्त्यावर. ते पुढे पाठवतील." कागद तो नुसता सरळ करत होता. "मला काही मागायचं नाही गं. फक्त विचार, एकोणीसशे चार सालच्या आसपास तुमच्या घरातलं एखादं मूल इकडे राहून गेलं होतं का. नसेल तर नसेल. पन्नाशी झाली माझी. आरशात बघतो तर हे नाक कुणाचं तेसुद्धा मला ठाऊक नाही. एक माणूस पाहिजे, नीवेस. लांबचा का असेना. एकदा समोर उभं राहून बघितलं की झालं माझं."

मी लिहिलं. अगदी मनापासून लिहिलं, शपथ घेऊन सांगते. पाकिटावर पत्ता घातला आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. संध्याकाळी ब्रोज्जी साखर घ्यायला वाकला आणि त्याने ते ओढून काढलं.

"हे काय गं?"

मी सांगितलं. काय अडलं होतं माझं सांगायचं? पण सांगितलं. ब्रोज्जीचे डोळे लकाकले. तो काउंटरच्या आत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नीवेस, आता उत्तरही तूच लिहायचं. आमच्यापैकी कुणाला जमणार नाही. तूच पाहिजेस."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. तेवढ्यावर मी विरघळले. त्याने अमिल्कारेचं पत्र शेगडीत सरकवलं आणि मी झाकण लावलं.

पहिलं उत्तर जानेवारीत 'आलं'. पोस्टमन आमच्यातलाच, त्याने भर कॅफेत आवाज दिला, "वारेसे, परदेशातून पत्र!" अमिल्कारेला फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं, म्हणजे मी कागदावर रेघोट्या ओढल्या असत्या तरी चाललं असतं. पण नाही, मी दोन दिवस बसून झोकदार फ्रेंचमध्ये ते लिहिलं होतं. आणि आता तेच उभी राहून वाचत होते, एकेक वाक्य आमच्या बोलीत करत. आपलं पत्र पोचलं, मन हेलावलं, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कळवतो. अमिल्कारे टोपी काढून ऐकत होता. टेबलांवर माणसं हसू दाबायला गाल चावत बसली होती.

दुसऱ्या पत्रात मी त्याला भाऊ मिळवून दिला. "प्रिय बंधू, तुमच्या लोम्बार्दी प्रांतात राहून गेलेल्या एका बाळाबद्दल आमच्याकडे खरोखरच बोललं जायचं." तो काउंटरवर डोकं टेकून रडला. पन्नास वर्षांचा बाप्या, हमसून हमसून. ब्रोज्जी मागच्या संडासात जाऊन भिंतीवर बुक्क्या मारत हसत होता, ते आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. अमिल्कारे गेल्यावर मीही हसले. खोटं कशाला बोलू, मजा आली मला. आता मंडळी मला टेबलाशी बसवून घ्यायची, पेला भरून द्यायची, "आपली नीवेस" म्हणायची. माझ्या हेलाची नक्कल बंद झाली होती.

मग त्याला वाटलं, भावासाठी बूट करावेत.

"मापाचं काय करायचं?" मला विचारतो.

"मागवते की," मी म्हटलं.

ब्रोज्जीने कॅफेच्या फरशीवर कागद टाकला, मोजा काढून पाय ठेवला आणि मी पेन्सिल फिरवली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी त्याला हे एवढं टेंगूळ होतं. तो कागद पाकिटात घालून पोस्टमनने आणून दिला. अमिल्कारेने उजेडाला धरून बघितला आणि त्याचा चेहरा कळवळला.

"बिचारे! उभं राहून राहून झालंय बघ हे. दुकानातले बूट चावत असणार त्यांना."

सहा आठवडे तो घरी बसून फर्मा कोरत होता. टेंगूळ चुकू नये म्हणून तीनदा नव्याने कोरला. कातडं कारखान्यातलं सगळ्यात मऊ, साहेबाकडे शब्द टाकून मिळवलेलं.

तिसरं पत्र मार्चअखेरचं. त्यात संगीतकार येणार होते, गावच्या संताच्या, सान व्हित्तोरेच्या दिवशी, आठ मेला, मिलानहून दहा चाळीसच्या गाडीने. हे सगळं ब्रोज्जीने सांगितलेलं. पण त्या पत्रात चार ओळी माझ्या स्वतःच्या होत्या. कुणी सांगितल्या नव्हत्या, मागितल्या नव्हत्या. लिहिता लिहिता सुचल्या आणि मी स्वतःवरच खूश झाले.

"सावध राहा, बंधू. माझं नाव कानावर गेलं की लोक तुमच्याकडे येतील, आम्ही तुमचे म्हणतील, खुणा दाखवतील. आपल्या घराण्याची माणसं खुणा घेऊन परक्याच्या दारात उभी राहत नसतात."

ब्रोज्जीने मांडीवर थाप मारली. "बाई गं! हे तर मलाही सुचलं नसतं!" आणि मी फुलून गेले. हात झडायला हवा होता माझा.

ईस्टर होऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारची सुट्टी, सगळे कॅफेत. दार उघडून एक म्हातारी आली. काळा रुमाल डोक्याला, पायात गावठी बूट, बसमधून उतरून एवढंसं चालली तरी धाप लागलेली. चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "अमिल्कारे वारेसे इथे येतात ना?"

मी बोट दाखवलं. ती त्याच्या टेबलाशी गेली.

"तुम्ही बँडात वाजवता," ती म्हणाली.

"हो आजी. काय काम होतं?"

तिने रुमालाची गाठ सोडली. आत डोंगरावरच्या मारियामातेचं पदक, पण अर्धंच. मधोमध करवतीने कापलेलं. टेबलावर ठेवलं आणि बोटाने त्याच्याकडे सरकवलं.

"ह्याचा दुसरा अर्धा तुझ्या दुपट्यात ठेवला होता," ती म्हणाली. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली ते तिलाही कळलं नसावं. "कोमोच्या नन्स ठेवतात म्हणे सगळं. तिथे असेल अजून. जाऊन बघितलंस तर..."

अमिल्कारेचा हात पदकाकडे निघाला होता, मी बघितला. आणि मी आणखी एक बघितलं. म्हातारी बाजूने उभी होती, खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर. ते नाक! मधे उंच, टोकाला किंचित डावीकडे वळलेलं. काउंटरवरून मला दोन नाकं दिसत होती आणि ती एकच होती. अमिल्कारेला कसं कळावं? स्वतःचं नाक बाजूने कुणाला दिसतं?

"आली बघ पहिली!" ब्रोज्जी म्हणाला. "तुझ्या भावाने लिहिलंच होतं."

अमिल्कारेचा हात टेबलावरच थांबला. मग मागे गेला.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"मला कोण पाठवणार? मीच..."

"माझ्याबद्दल काय कळलं तुम्हाला? पॅरिसचं कळलं?"

"कसलं पॅरिस?" ती गोंधळली. "मला काही नको रे. नुसतं एकदा जवळून..."

"माझी माणसं संगीतातली आहेत, बाई," अमिल्कारे म्हणाला. त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी, ताठ, साहेबी. "आमच्या घराण्यातली माणसं खुणा घेऊन परक्याच्या दारात उभी राहत नसतात."

माझं वाक्य. अक्षर न अक्षर माझं.

"आजी, मला घ्या की दत्तक!" मागून एकजण ओरडला. "मला तर अख्खं पदकही नको, पाव चालेल!" हशा पिकला. मी एक शब्द बोलले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. मी फडक्याने काउंटर पुसत राहिले.

"बघितलंत ना जवळून?" अमिल्कारे म्हणाला. "मग निघा आता."

म्हातारीने पदक रुमालात घातलं. गाठ मारायला तिला फार वेळ लागला. अमिल्कारेने तोवर पाठ फिरवली होती. जाताना ती माझ्याशी थांबली आणि पाणी मागितलं.

पेला दोन्ही हातांत धरून ती हळू आवाजात माझ्याशी बोलली. नाव जुदित्ता पिचिनेल्ली, गाव ब्रिंझिओ. अठराव्या वर्षी रेशमाच्या गिरणीत कामाला होती तेव्हाचं हे. कुणाचं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मूल कोमोला गेलं आणि त्याचं आडनाव काय पडलं एवढं सुईणीने तिला नंतर सांगितलं होतं. नवरा ह्या हिवाळ्यात गेला, तो असेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. "दर सान व्हित्तोरेला येते मी," ती म्हणाली. "मिरवणूक वळते ना, त्या कोपऱ्यावर. बँड पुढून जातो. छत्तीस साली त्याने माझ्याकडे बघितलंन. वाजवताना गाल फुगलेले असतात त्याचे, लहान पोरासारखे."

मग म्हणाली, "त्याला सांग, मन बदललं तर ब्रिंझिओला ये म्हणावं. चर्चच्या मागे शेवटचं घर. कुणाला विचारू नकोस म्हणावं, गावात कुणालाच हे ठाऊक नाही. पण लवकर ये म्हणावं. डॉक्टरांनी काही फार दिवस दिले नाहीयेत मला. सांगशील ना पोरी?"

"सांगते की," मी म्हटलं.

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पत्रांचं बिंग फुटलं असतं. स्टेशनवरच्या तमाशाला तीन आठवडे राहिले होते, अर्धं ब्यूमो दिवस मोजत होतं, आणि तो तमाशा मी मोडला असता तर "आपली नीवेस" कोण म्हणणार होतं? मनाशी म्हटलं, सान व्हित्तोरे होऊ दे, मग सांगू. तीन आठवड्यांत काय होतंय.

आठ मे, रविवार. फलाटावर एवढी माणसं मी युद्ध संपलं तेव्हाही बघितली नव्हती. बायका पोरं कडेवर घेऊन आलेल्या. बँडचे पाच-सहा जण वाद्यं घेऊन, सगळ्यांना सगळं ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या अमिल्कारेलाच. काळा कोट, दाढी ब्रोज्जीकडेच करून घेतलेली आदल्या दिवशी, आणि काखेत बुटांचं खोकं. मला म्हणाला, "नीवेस, माझ्याजवळच उभी राहा हं. तू नसलीस तर त्यांच्याशी बोलू कसा मी?"

मी उभी राहिले.

गाडी आली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरला कोण, तर ब्रोज्जी. सकाळीच एक स्टेशन मागे जाऊन बसला होता. लांब कोट, उंच टोपी, कापसाच्या मिश्या. "बंधो!" त्याने नाकातून हेल काढला. "माझ्या हरवलेल्या बंधो!" बँडने धडाधड काहीतरी वाजवलं. ब्रोज्जी सामानाच्या हातगाडीवर बसला, डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. "बूट कुठायत, बंधो? पाय दुखतोय माझा!"

अमिल्कारे त्या पायाकडे बघत राहिला. अंगठ्याचं टेंगूळ. सहा आठवडे रोज रात्री जे त्याने लाकडात कोरलं होतं, ते.

फलाट फुटला हसून. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, पोरं नाचत होती. मला वाटलं, तो आता ब्रोज्जीच्या तोंडावर खोकं हाणेल. मारावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे माझंही फिटलं असतं. तो गुडघ्यावर बसला. खोकं उघडलं. डावा बूट चढवला, मग उजव्या पायातला जुना काढून नवा उजवाही चढवला. नाड्या बांधल्या. अंगठ्याशी बोट दाबून बघितलं.

"बसले बरोबर," तो म्हणाला.

हसू तिथे जरा लटपटलं. तो उठला आणि माझ्याकडे वळला.

"पत्रं तू लिहिलीस?"

"हो."

"सगळी?"

"हो."

"लोक खुणा घेऊन येतील, ते?"

"ते असंच लिहिलं. सुचलं म्हणून."

त्याचे ओठ पांढरे पडले. "मग ती बाई कोण होती?"

"कुठली बाई?" मागून कुणीतरी विचारलं. तिला सगळे विसरूनही गेले होते.

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. अख्ख्या फलाटासमोर. जीभ आपोआपच वळली तशी.

तो तिथूनच कोमोला गेला. सोमवारी परत आला तेव्हा मुठीत पदकाचा दुसरा अर्धा होता. नन्सनी एका कागदाला टाचून ठेवला होता, पन्नास वर्षं. तो काउंटरवर ठेवून मला म्हणाला, "हीच कड होती का? तू बघितलंस ना?"

"मी लांब होते," मी म्हटलं.

मंगळवारी मी बस पकडून ब्रिंझिओला गेले. आधी तिला भेटावं, तिच्या पाया पडावं, तिला घेऊनच यावं असं ठरवलं होतं. चर्चच्या मागचं शेवटचं घर, दाराला कुलूप. शेजारीण अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"जुदित्ता? गुरुवारी पुरली की. तुम्ही कोण?"

"ओळखीची."

"शेवटी शेवटी सारखी विचारायची, वारेसेहून कुणी आलं का. आम्हाला वाटलं डॉक्टरची वाट बघतेय. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. सोडवेना, मग तसंच ठेवलं पेटीत."

बसमध्ये मी ठरवत होते, आज सांगायचं. घरी जाऊन मावशीला म्हटलं, डोकं दुखतंय, आणि झोपले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. मग रोजच उद्या. भ्याले मी, दुसरं काय! सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? तुझी आई तीन आठवडे जिवंत होती, तुझी वाट बघत होती, तिचा पत्ता माझ्याजवळ होता आणि मला गंमत बघायची होती. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

अमिल्कारेने बँड सोडला. मिरवणुकीच्या कोपऱ्यावर कोण उभं राहायचं ते त्याला कधी कळलंच नाही. दर रविवारी सकाळी सायकल काढायची, वहीतल्या यादीतलं एक खेडं धरायचं, आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना अर्धं पदक दाखवायचं. जाताना आणि येताना कॉफी माझ्याकडे. दुसरीकडे कुठे गेला असता तर मला बरं वाटलं असतं. मला त्याने एकदाही शिवी दिली नाही. शिव्या द्यायला ब्रोज्जी समोर होता, त्यालाही दिली नाही. ब्रोज्जीने ते बूट आठ वर्षं घातले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाय दाखवून सांगायचा, "असं काम आता कुठे मिळतंय!"

दुसऱ्याच वर्षी अमिल्कारे ब्रिंझिओला जाऊन आला. मी त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली.

"काही कळलं?" मी विचारलं.

"नाही गं. सगळ्यांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. दमलो होतो, मग दफनभूमीच्या भिंतीला टेकून पाव खाल्ला आणि आलो. सावली छान आहे तिथे." त्याने वहीत ब्रिंझिओवर काट मारली.

अकरा वर्षं गेली अशी. मावशी गेली, कॅफे माझा झाला. सहासष्ट सालच्या एका रविवारी तो आला तेव्हा कॅफे रिकामा होता. गुडघे गेलेले, सायकल हातात धरून चालत आणली होती. कॉफी तशीच ठेवून म्हणाला, "नीवेस, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी जाताना ती तुझ्याकडे थांबली होती. पाणी प्यायली. मी पाठ फिरवली होती, पण समोरच्या काचेत दिसत होतं मला. बराच वेळ थांबली होती. काही बोलली का गं ती?"

"आत्ता विचारतोयस? एवढ्या वर्षांनी?"

"धीर होत नव्हता," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस तर मग विचारायला कुणीच उरत नाही. म्हणून शेवटी ठेवलं होतं तुला."

तो माझ्याकडे बघत होता. म्हातारपणी त्याचं नाक आणखी बारीक झालं होतं, हुबेहूब तिचं. चर्चच्या मागे शेवटचं घर, एवढे चार शब्द होते. घर नाही तर थडगं तरी होतं. तिथे नाव कोरलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पाणी मागितलं, प्यायली आणि गेली."

त्याने मान हलवली. कॉफी संपवली, कोटाची बटणं लावली, वही खिशात घातली.

"मग आज कुव्हिओला जाऊन येतो," तो म्हणाला. "तिथली एक म्हातारी विचारायची राहिलीय."

"जा," मी म्हटलं. "दुपारनंतर वारा सुटणार आहे म्हणतात, लवकर नीघ."